पाच दिवसांचा गणपती

मैत्रिणींनो, दुपारी सुदेशचा फोन आला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

सुदेश माझा मुलगा, पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. कंपनी त्याच्या अख्ख्या विभागाला इकडे गोव्यात, आमच्या जवळच्या तुये गावातल्या तिच्या कारखान्यात हलवणार होती. पेडण्याच्या घरातून स्कूटरने जाऊन येण्यासारखं. लेक रोज रात्री घरचं जेवणार म्हणून मी हरखले होते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. सुदेशला रजा नसते आणि ह्यांचे गुडघे धड नाहीत. पण गेल्या सोमवारी मी देवापुढे नारळ ठेवून बोलून बसले, "यंदापासून पाच दिवस राहा, माझा लेक घरी येतोय." वाढवलेले दिवस आमच्याकडे परत कमी करत नाहीत.

हे म्हणालेही होते, "अगो, आधी ऑर्डर हातात येऊ दे, मग देवाला सांग." मी हसण्यावारी नेलं.

आज सुदेश म्हणाला, "आई, रद्द झालं गे सगळं. कुणालाच पाठवत नाहीत."

"चवथीला तरी येशील ना रे?"

"येईन गे. पण दीडच दिवस."

देवाला दिलेला शब्द मी मोडणार नाही. पाच दिवस पूजा होईल, नैवेद्य होईल. पण आजवर देव आणि लेक एकाच दिवशी जायचे, रडणं एकदाच व्हायचं. यंदा मखरात गणपती बसलेला असताना मुलाची बॅग कशी भरायची? तुमच्यापैकी कुणी भरली असेल, तर सांगा गे.