बोली न लागलेला भोपळा

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव होतो. परवा वांग्यांवर, अगदी भेदरलेल्या एका कोंबड्यावरही चढाओढीने बोली लागली. भोपळ्याची पाळी आली आणि एकही बोली लागेना.

भोपळा गायकवाड सरांचा होता. सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. तरुणांच्या बैठकीत एका मुलीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, की सृष्टी देवानेच केली, पण बायबलात लिहिलंय तशी सहा दिवसांत नाही. उत्क्रांतीला फार काळ लागला. तेव्हापासून ते पाखंडी. पाळकसाहेबांनी भर उपासनेत बजावलं, पवित्र शास्त्रातलं, बायबलातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

असेल. पण दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, हेही त्याच शास्त्रात आहे. तिथे मात्र आम्हाला लगेच गूढार्थ सापडतो. शत्रूवर प्रीती करायची वेळ आली की आम्ही सगळे कवी होतो. सहा दिवस तेवढे शब्दशः घ्यायचे, कारण त्यात आमचं काहीच जात नाही.

लिलाव पुकारणारे थॉमसभाऊ हळूच म्हणाले, "सर, हा घरी घेऊन जा."

"देवाला दिलेलं परत न्यायचं तर किंमत मोजावी, असं शास्त्रात आहे. फुकट कसं नेऊ?" असं म्हणून सरांनी आपल्याच भोपळ्यावर बोली लावली. पैसे ताटात ठेवले, भोपळा काखेत मारला आणि निघाले.

शास्त्र शब्दशः पाळणारा तेवढा एकच माणूस आमच्यात होता. तो दाराबाहेर पडला, तेव्हा आम्ही पपईची बोली वाढवत होतो.