निळ्या रेघेच्या बाई

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींना दटावून रांगेत उभं करणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली : आमच्या वडवणीच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई. विषाणूंतली प्रथिनं वेगळी करणं हा त्यांचा छंद, धर्म आणि भांडणाचा विषय. दोन काचांमध्ये पातळ जेली गोठवायची, वरच्या खाचांत प्रथिनं सोडायची आणि वीज लावायची. "आठवडी बाजारच हाय सर," त्या मला समजावत, "बारकं पोर गर्दीतून निसटतं, पोतंवाला मागं अडकतो. एका मापाची प्रथिनं एकाच पातळीवर थांबतात, रंग दिला की तितं रेघ दिसते." सत्कारात मिळालेली शाल त्यांनी त्या यंत्राभोवती गुंडाळली होती, पंख्याचा वारा एका बाजूनं लागला तर रेघ वाकडी पळते, म्हणे. वीज चालू असताना कुणी शिंकलं तर त्या असं बघत, की शिंक परत घ्यावीशी वाटे.

एकदा दिंद्रुडकडची एक रेशीमवाली चुलत दिराला ओढतच घेऊन आली. तिच्या अळ्या सुजून, फुटून मरत होत्या. "ह्यानंच कापसावर फवारलं, माजा तुतीचा पाला इखारी केला!"

"वहिनी, देवाशपत, म्या तिकडं पंपच न्हाई नेला!"

बाईंनी अळ्या पाहिल्या. "हा रोग हाय, विष न्हाई."

"तोंडी नगं बाई, दाखवा. न्हाई तर मी चालले ठाण्यात."

"बसा दोघं बी. विजेला कुणाची बाजू घेता येत न्हाई."

एका खाचेत तिच्या अळ्यांतून काढलेला गाळ, दुसरीत निरोगी अळ्यांचा, तिसरीत त्याच रोगाचा ओळखीचा विषाणू. प्रथिनं पळाली, जेली रंगात बुडाली आणि बाहेर आली ती नुसती निळीशार. जादा रंग धुवायला उद्या उजाडला असता. रेशीमवाली पिशवी घेऊन उठलीच. तेव्हा बाईंनी फुटक्या कोशांचं रेशीम जेलीच्या धुण्याच्या पाण्यात टाकलं. "रेशमाला रंगाची लई हाव. बघत ऱ्हावा."

रेशीम निळं होत गेलं, जेली निवळत गेली. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेखाली, अगदी एका पातळीवर, ठसठशीत निळी रेघ. मधली जागा कोरी.

"म्हंजे म्या सुटलो?" दीर पुटपुटला.

रेशीमवालीनं हातातली पिशवी दिराकडं दिली. मग म्हणाली, "भावजी, घरी चला. शेड धुवायचंय, चुना मारायचाय. हात लावा."

एकाच मोटारसायकलवर दोघं गेली. बाई ती काच उजेडाकडं धरून फड जिंकलेल्या पैलवानासारख्या उभ्या होत्या. "कसं हाय, सर?"

माझा ऊर भरून आला होता. पण मी पडलो अबोल. म्हणालो, "बरंय."

बाई निवृत्त होऊन लेकीकडं गेल्या. ते एक 'बरंय' मला अजून खातं. बाई, लई भारी होतं ते.