आमच्या व्याह्यांची गाडी ऐंशीला थरथरते

जगातल्या सगळ्या रोगांना एक दिवस औषध सापडेल, पण आमच्या व्याह्यांच्या शंकेला सापडणार नाही. मी चौथीत शाळा सोडलेला, पापडीला वाडी करून म्हातारा झालेला माणूस. नाना तऱ्हेची माणसं बघितली. पण चहात साखर आहे की नाही हे पिऊन बघायचं सोडून चौघांना विचारणारा माणूस हा एकच. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे, म्हणून बोलावं तरी पंचाईत. मुंबईत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि नायगावच्या एका उंच इमारतीत राहायला आले. तिथं लिफ्टमधून काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो म्हणून सोळा मजले चढून गेले, आणि वर पोचल्यावर म्हणाले, "जिन्यातही येतो."

अशा माणसानं गाडी घेतली. हायवेला ऐंशीच्या पुढं काटा गेला की ती थरथरायची. थरथरायची हे खरं, मी बसलोय तिच्यात. पण कोणी मेकॅनिक काही म्हणाला की ह्यांचं उत्तर तयार, "असं तुम्हाला वाटतं." टायर बदलले, चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढचं मागं आणि मागचं पुढं केलं. दोन दिवस बरी, पुन्हा तेच. मग विहीणबाईंना कधी डावीकडं बसव, कधी उजवीकडं. त्यांच्या मांडीवर पाण्यानं भरलेला पेला, आणि त्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. एकदा मला बूट काढून गाडीच्या तळाला पाय टेकवायला लावले. "काय जाणवतं, व्याहीबुवा?" मी म्हटलं, "भूक." त्यावर विहीणबाई इतक्या हसल्या की पेला उपडा झाला, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून.

दर रविवारी हा कार्यक्रम. सकाळी गाडी माझ्या वाडीत आणायची. इमारतीत धुवायला मनाई, म्हणून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला अगदी पाण्याशी उभी करायची. माझ्या बादलीनं, माझ्या पाण्यानं दोन तास धुवायची. गाडी आरशासारखी झाली की हायवेला न्यायची आणि तोंड पाडून परत यायचं.

हे सगळं मी हसून सोसलं असतं. पण मुलीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आमच्या हिनं खोली सारवली, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, पोरीला आवडते म्हणून वालाची उसळ कधी करायची तेसुद्धा ठरवून ठेवलं. मी आणायला गेलो, तर व्याही म्हणाले, "सून माझ्या गाडीतनंच येईल. पण गाडी नीट झाल्यावर."

"अहो, नायगाव ते पापडी ऐंशीनं जायला रस्ता कुठाय?"

"ऐंशीला थरथरते ती चाळीसलाही थरथरतच असते, व्याहीबुवा. आपल्याला कळत नाही, एवढंच."

मुलगी आतनं म्हणाली, "बाबा, मी रिक्षानं येते ना." तर हे उभेच राहिले, "पहिलटकरणीला रिक्षात? त्या खड्ड्यांतनं?" माझ्या तोंडावर आलं होतं ते गिळलं. दुसऱ्यांदा विनवणारा मी नव्हे. चप्पल घातली आणि निघालो. घरी पोचलो तर ही दारातच उभी होती. मला एकट्याला बघून आत गेली.

रविवारांमागून रविवार गेले. शेवटी एका गॅरेजवाल्यानं चाक काढून उलटं केलं, तर रिंगच्या आतल्या बाजूला माझ्या बावखलाचा गाळ वाळून दगड झालेला. एका बाजूला जड, म्हणून चाक पळताना उडत होतं. बाहेरनं चकचकीत, आतनं चिखल! दर वेळी काठच्या गाळात उभी करून, धुवून धुवून हाच माणूस तो भरत होता. खरवडून काढल्यावर गाडी नव्वदला लोण्यासारखी पळाली. त्याच संध्याकाळी पेढे घेऊन आले, "व्याहीबुवा, उद्या आणतो सुनेला!"

ही हळूच म्हणाली, "काल आठवा लागला."

आठव्यात बाईमाणसाला घर बदलू देत नाहीत. व्याही म्हणाले, "असलं काय मानता?" मी म्हटलं, "मानतो." ते हातातला पेढ्यांचा पुडा सोडतही नव्हते, उघडतही नव्हते. नवव्यात डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं.

नात नायगावातच झाली. आमची ही तिथं जाऊन राहिली. परक्या स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळताना गुळाचा डबा कुठला, वेलचीचा कुठला, हे दर वेळी विचारायची, पाहुणीसारखी. सारवलेल्या खोलीत मी नारळ भरून ठेवले.

त्यानंतर व्याही गाडीबद्दल बोलेनासे झाले. बारशाहून मला पोचवायला निघाले ते उगाच हायवेनं. काटा ऐंशीच्या पुढं गेला, नव्वदला टेकला, गाडी हूं नाही की चूं नाही. ह्यांचा चेहरा मात्र असा, की मला बघवेना. ह्या माणसानं गाडीचं नाव काढू नये म्हणून मी देवाला नारळ बोललेला माणूस. पण बोललो, "व्याही, डाव्या मागच्या चाकाकडनं जरा काहीतरी लागतंय का हो?"

त्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं. "तुम्हालाही जाणवलं?"

"बारीकसं."

लागत काहीच नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि चाकापाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मी आतच बसून राहिलो. घाई कसली होती?