दहाचं नाणं

माझ्या मुलीच्या लॅटिनच्या बाईंनी आपल्या संग्रहातलं एक खरं रोमन नाणं तिला दोन दिवसांसाठी विश्वासाने दिलं होतं. डेनेरियस. चांदीचं, नखाएवढं, काळंकुट्ट. सोमवारी तिला वर्गात त्याच्या नावावर बोलायचं होतं. अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या घरात आठवडाभर तीच बडबड चालली होती. डेनेरियस म्हणजे दहाचं. ब्राँझची दहा नाणी दिली की हे एक मिळायचं. पुढे भाव सोळावर गेला, तरी नाव तेच राहिलं. आपल्या गुप्त राजांचा दीनारही त्याच नावातून आला हे ऐकून मला उगाचच अभिमान वाटला. नाण्यावर हेल्मेट घातलेली देवी होती आणि तिच्या डोक्यामागे बारीकशी फुली, म्हणजे रोमन दहाचा आकडा. मुलीचं सगळं भाषण त्या फुलीवर उभं होतं.

रविवारी लक्ष्मीपूजन. सकाळी मी देवाची चांदी रांगोळीने घासायला बसले, तर टेबलावर ते नाणं दिसलं. ऐन लक्ष्मीपूजनाला घरात काळी चांदी मला बघवेना. पाच मिनिटांत लखलखीत केलं आणि स्वतःवरच खूश झाले.

मग पाहिलं तर फुली दिसेना. नाणं खिडकीशी नेलं, चष्मा पुसला, मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. इंटरनेटवर पहिलीच सूचना होती, जुनी नाणी कधीही घासू नका. मुलीला सांगितलं, तेव्हा ती रडली नाही की चिडली नाही, नुसतं नाणं बघत राहिली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. संध्याकाळी पूजेत माझं लक्ष नव्हतं.

सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. चूक माझी, मीच कबूल करणार होते. गाडीत तीन इंग्रजी वाक्यं घोकली, तरी दर वेळी तिसरं विसरत होते. एरवी ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडते मी.

बाईंनी नाणं तळहातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हे कोणी घासलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आय डिड. आय वॉन्टेड इट टु शाइन."

यापुढे तुझ्या हाती काही देता येणार नाही, असं बाईंनी तिला शांतपणे सांगितलं. तिने मान हलवली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आणि मी, सांगायला लाज वाटते, हायसं वाटून गप्प उभी राहिले.