मनातली विनंती, मोठ्या आवाजात

माझं अंग बाहेर येत होतं.

हे वाक्य आज सकाळी मार्थाअक्कांच्या अंत्यविधीत मला बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. पुरुष मंडळींनी वाचलं तरी चालेल.

पास्टरांनी विचारलं, अक्कांविषयी कोणाला साक्ष द्यायची आहे का. मी उठले. म्हणाले, माझ्या आजारपणात त्यांनी प्रार्थना केली, प्रभूने मला बरं केलं.

आणि बसले.

आजारपण म्हणे. जसा काही मला ताप आला होता.

गोष्ट नव्वदच्या आसपासची, जळगावची. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझं गर्भाशय खाली उतरलं. पाण्याची बादली उचलली की अंग बाहेर यायचं. मी कापड घट्ट बांधून कामं उरकायचे. घरात सांगितलं होतं, कंबर दुखते.

दर बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना असायची. शेवटी एकेकीने विनंती सांगायची. कोणाचा मुलगा नापास झालेला, कोणाच्या सासऱ्यांना दमा. चारचौघींत सांगण्यासारखं नसेल तर नुसतं म्हणायचं, "मनातली विनंती आहे." मग कोणी काही विचारत नसे.

वर्षभर माझी विनंती मनातलीच होती.

मार्थाअक्कांची आमच्या गल्लीत पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर त्यांनीच चालवली. त्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे बोलणंही मोठं आणि प्रार्थनाही मोठी. बाकीच्या आम्ही पुस्तकी मराठीत प्रार्थना करायचो. अक्का अहिराणीत. एकदा पास्टर हसत म्हणाले होते, "अक्का, जरा हळू. देव काही बहिरा नाही."

"देव नही," अक्का म्हणाल्या, "मी शे."

एक दिवस दळणाला गेले तर डबा खाली ठेवताना मी तिथेच भिंत धरून उभी राहिले. अक्कांनी विचारलं. गिरणी धडधडत होती, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

पुढचा बुधवार आमच्या घरी होता.

सासूबाई बसलेल्या. मंडळाच्या सगळ्या बसलेल्या. डाळमिलमधून लवकर आलेले आमचे हे पडद्याआड. मी नेहमीसारखं म्हणाले, मनातली विनंती.

अक्कांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"प्रभू, हाई पोरनं आंग बाहेर येस. ती लाजस, कोनले सांगत नही. तिले सरकारी दवाखानामा धाड. मंगयवारे तठे बाई डॉक्टर बसस, पैसा लागत नही. आणि जिले जिले असं शे, तिले बी धाड."

आमेन कोणी म्हणालं की नाही, आठवत नाही. मी चहा दिला. कप घेताना एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी दळण स्टेशनपलीकडच्या गिरणीत न्यायला लागले. अंग बाहेर येत असताना, डबा डोक्यावर घेऊन, एवढ्या लांब. पण अक्कांचं तोंड बघायचं नव्हतं.



मग एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझं कधीपासून?"

मी म्हटलं, धाकटा झाल्यापासून.

त्या भाजी निवडत राहिल्या.

"माझं तुझ्या नवऱ्यापासून."

माझं लाटणं थांबलं. आमचे हे म्हणजे सासूबाईंचं पहिलं मूल. म्हणजे सारा जन्म त्या तशाच वावरल्या. मी रोज बघत होते त्यांना, भिंतीला हात लावून उठताना. मला वाटायचं, वय झालं.

आम्ही दोघी मंगळवारी निघालो. जळगावला नको, ओळखीचं कोणी भेटेल, म्हणून एसटीने धुळ्याला गेलो. भाजीवर कोथिंबीर फुकट मागणारी मी, त्या दिवशी भाड्याचा विचारही केला नाही.

धुळ्याच्या ओपीडीत लाइनमध्ये आमच्या पुढे एक बाई, डोक्यावरून पदर. वळली तर आमच्याच मंडळाची. ओळखीचं भेटेल म्हणून तीही धुळ्याला आलेली. आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही. थोड्या वेळाने सासूबाईंनाच हसू फुटलं.

माझं ऑपरेशन झालं. सासूबाईंना वयामुळे आणि बीपीमुळे डॉक्टरांनी ऑपरेशनऐवजी अंग वर धरून ठेवणारी रिंग आत बसवून दिली. मी वॉर्डातच होते, त्या घरी गेल्या आणि त्यांनीच अक्कांना निरोप धाडला.

अक्का धुळ्याला आल्या आणि वॉर्डात एकेका कॉटपाशी उभ्या राहिल्या. "काय झायं वं माय?" असं विचारायचं, बाईचं नाव आणि दुखणं दोन्ही देवाला मोठ्याने सांगायचं, पुढच्या कॉटवर जायचं. मी चादर तोंडावर ओढून घेतली. सिस्टर म्हणाल्या, आजी, आवाज कमी.

शेजारच्या कॉटवर एक बौद्ध बाई होती. तिचा नंबर राहून गेला. ती म्हणाली, "आजी, माझं पण सांगा की तुमच्या देवाला."

अक्का तिच्या कॉटपाशी परत फिरल्या.

त्या दिवशी चादरीखाली होते. आज सकाळी उभी होते, तरी चादरीखालीच.

साक्ष देऊन बसले तेव्हा शेजारी एक तरुण सून बसली होती. तिने हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला काय झालं होतं?" मी म्हटलं, जुनं पोटाचं दुखणं. ती "बरं" म्हणाली.

घरी आल्यावर लक्षात आलं. ती बाकाच्या कडेला, एका अंगावर टेकून बसली होती. मी वर्षभर तशीच बसायचे.

पोरी, तू माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेस. मला पोटाचं काही नव्हतं. मला काय होतं ते वर पहिल्या ओळीत आहे. तुलाही तेच असेल तर घाबरू नकोस, त्यावर इलाज आहे. बाई डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते मी उद्या विचारून ठेवते. दवाखान्यात मी सोबत येईन. जळगावलाच जाऊ.

अक्का, तुमच्याइतका मोठा आवाज मला नाही. लिहून सांगितलं.

प्रभूच्या घरी सुखाने राहा. तिथे तरी हळू बोलू नका.