तिसऱ्या करंटला महेशने दार लावलं

अशा अनुभवांच्या सदरातलं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलंच असतं – 'माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण…' माझ्या वाक्यात 'पण' नाही. माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहायला बसलेय, कारण जे झालं ते झालं. आणि गावात भलतेच लोक ते वाटेल तसं तिखटमीठ लावून सांगत सुटलेत.

मी काशीदला राहते. वय छत्तीस. मुख्य रस्त्यापासून जरा आत आमची लहानशी खानावळ आहे, पर्यटकांसाठी. माझा नवरा महेश बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो, म्हणून अजून अरे-तुरे. सासूबाईंना ते आजही खटकतं.

चौदाव्या वर्षापासून मला फिट्स यायच्या. सुरुवात दर वेळी सारखी – पोटातून काहीतरी वर सरकायचं आणि मग डाव्या खांद्यामागून एका बाईचा आवाज. वयस्कर, घोगरा, थोडा वैतागलेला. एकच वाक्य. "दार लाव गो, वारा सुटलाय." बस्स! पुढचं मला आठवायचं नाही. बघणारे सांगायचे, की मी एकटक बघत राहते, काही चावत असल्यासारखं तोंड हलवते आणि कोसळते.

ते वाक्य मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी घरच्यांनी मला एका भगताकडे नेलं होतं. समोर तांदूळ मांडून त्याने विचारलं, "बाई काय बोलते?" खोलीत आई, आत्या, शेजारच्या दोघी… सगळ्यांचे कान टवकारलेले. तेवढ्या वयातही मला कळलं, की मी शब्द सांगितले की हे लोक ते कुणाच्या तरी माथी मारणार. गावातल्या एखाद्या मेलेल्या बाईच्या, नाहीतर जिवंत असलेल्या एखाद्या एकट्या बाईच्या. मी म्हटलं, "शब्द कळत नाहीत." तेच खोटं पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं. महेशलाही. डॉक्टरांनाही.

गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. फिट्स काही थांबल्या नाहीत. एकदा तव्यावर हात पडून कोपरापर्यंत भाजला. पण ते मी सोसलं. नाही सोसवलं ते दुसरंच… आमची सई तीन वर्षांची होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी तिचा हात धरून समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी होते, आणि आवाज आला. शुद्धीवर आले तेव्हा वाळूत आडवी होते आणि शेजारी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा उंटवाला माझ्या पोरीला पालथी धरून तिच्या पाठीवर थोपटत होता. खोकली, रडली, वाचली. त्या रात्री मी महेशला सांगितलं, "आता याचा शेवट करायचा. काय वाटेल ते करून."

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. एमआरआयमध्ये खास काही दिसेना. तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं, की फिट उजव्या बाजूने सुटत असावी, पण नेमकी कुठून ते बाहेरून कळत नाही. कवटीला बारीक भोकं पाडून तारेसारखे इलेक्ट्रोड आत सोडायचे, काही दिवस तिथलं रेकॉर्डिंग बघायचं. जागा सापडली आणि ती काढण्यासारखी असली, तरच ऑपरेशन.

सासूबाई म्हणाल्या, "डोस्क्यात तारा घालनार? ह्ये काय टीव्हीचं खोकं हाय?"

तेव्हा महेश माझ्या बाजूने उभा राहिला. "आई, इंजिनात आवाज येत असला तर खोलून बघावं लागतं. नारळ ओवाळून आवाज जात नाही." हे त्याचं वाक्य नीट लक्षात ठेवा. तो असा माणूस होता. अमावास्येला होडी सोडू नये म्हणणाऱ्याला तोंडावर हसणारा.

सईला सासूबाईंकडे ठेवलं. मांडव्याहून मुंबईची कॅटमरान बोट पकडली आणि गेलो.

अकरा इलेक्ट्रोड घातले. डोक्याला हे भलंमोठं बँडेज, त्यातून निघालेला वायरींचा जुडगा मशीनला जोडलेला, आणि छताला कॅमेरा. दिवसरात्र रेकॉर्डिंग. गोळ्या मुद्दाम कमी केल्या, म्हणजे फिट यावी. आयुष्यभर जिच्यापासून पळाले, तिची वाट बघत पलंगावर बसायचं! पाच दिवसांत चार आल्या.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला मॅडम, टेक्निशियन आणि एक सिस्टर आत आले. महेश पायथ्याशी खुर्चीत बसला होता. मॅडम म्हणाल्या, "आज एकेका इलेक्ट्रोडमधून अगदी हलका करंट देणार आहे. काही जाणवलं तर लगेच सांगायचं. कधी मी 'देतेय' म्हणेन आणि देणार नाही, कधी खरंच देईन. तुम्हाला ते कळणार नाही."

मी मनाशी ठरवलं होतं, की आवाज आला तर आज शब्दसुद्धा सांगून टाकायचे. इथे कोण तांदूळ मांडून बसलंय?

पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी पोटात खालून वर सरकल्यासारखं झालं, मी सांगितलं, टेक्निशियनने टिपलं. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "देतेय." आणि डाव्या खांद्यामागून, स्वच्छ…

"दार लाव गो, वारा सुटलाय."

माझं तोंड उघडायच्या आत महेश खुर्चीतून उठला. चार पावलं चालला, अर्धवट उघडं असलेलं खोलीचं दार लोटलं, कडी घातली आणि परत येऊन बसला.

मॅडमनी वळून बघितलं. "काय झालं? दार का लावलंत?"

"त्या म्हणाल्या ना, दार लाव."

"कोण?"

"ह्या सिस्टर…" महेशने सिस्टरकडे बघितलं. ती केरळची, मराठी जेमतेम समजणारी. पलंगाच्या उजवीकडे मास्क लावून उभी होती. तिने मान हलवली. "मी नाय बोलला काय."

"अहो, खिडकीकडून आवाज आला. वारा सुटलाय म्हणाल्या." हे बोलतानाच महेशचं खिडकीकडे लक्ष गेलं. खिडकी माझ्या डाव्या खांद्यामागे होती. काच बंद. सातवा मजला. तिथे कुणी नव्हतं.

मग मॅडमनी मला विचारलं, "आणि तुम्हाला काय जाणवलं?"

मी सगळं सांगितलं… वीस वर्षांचं खोटं आणि ते वाक्य, अक्षरन् अक्षर. टेक्निशियनचं पेन थांबलं. महेशचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला.

मॅडम शांत होत्या. त्यांनी महेशला विचारलं, "या कधी झोपेत हे वाक्य बोलल्यात? फिटमध्ये?" तो म्हणाला, "कधीच नाही." मग म्हणाल्या, "आपण हे परत करून बघू. तुम्ही तिथेच बसा." पण महेश बसला नाही. उठला, मघाशी स्वतःच घातलेली कडी काढली आणि बाहेर गेला. तो नसताना तीन वेळा केलं. दोनदा खरा करंट दिला, दोन्ही वेळा मला आवाज आला. एकदा नुसतं 'देतेय' म्हणाल्या, तेव्हा काही नाही. मला आजही राग येतो, की तो बसला असता तर निदान कळलं तरी असतं. बसला नाही.

मीच हट्ट धरला म्हणून संध्याकाळी मॅडमनी व्हिडिओ दाखवला. माझे ओठ मिटलेले. टेक्निशियन मशीनकडे बघतोय. करंट सुरू होतो आणि महेश उठतो. आवाज म्हणाल तर फक्त मॅडमचं 'देतेय', मशीनची घरघर आणि कडी घातल्याचा खट्ट.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. महेश पलंगाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आपण घरी जाऊया."

"म्हणजे?"

"नको ते ऑपरेशन. कुणीतरी सांगतंय, दार लाव. आणि आपण डोकं उघडायला निघालोय."

तोपर्यंत त्याने घरी फोन करून सगळं सांगितलंही होतं. सासूबाईंचा फोन आला. "बाय माझे, ती तुला जपतेय. तिला कापून टाकू नको गो." जपतेय! मला असा संताप आला, की डोक्यातल्या तारा विसरून मी ताडकन उठून बसले. सिस्टर धावत आली.

मी म्हटलं, "आई, सई पाण्यात पडली तेव्हा कुठे होती ती जपणारी? तेव्हा उंटवाला होता." आणि फोन ठेवला. मग महेशला म्हटलं, "तू एकदा ऐकलंस आणि तुझी ही गत झाली. मी वीस वर्षं ऐकतेय. ऐकत ऐकत भाकऱ्या भाजल्या, पोर जन्माला घातली. ती भूत असू दे, देवी असू दे, नाहीतर मेंदूतली बिघडलेली वायर असू दे… माझ्या डोक्यात राहायचं की नाही हे मी ठरवणार. तिने नाही, तुझ्या आईने नाही, आणि तूही नाही."

तो माझ्या चादरीचं टोक नीट करत राहिला.

फिट्स जिथून सुटत होत्या त्या जागेचा बोलण्याशी, हातापायाशी संबंध नाही, काढता येईल, असं मॅडमनी सांगितलं. संमतीच्या कागदावर मी स्वतः सही केली. दीड महिन्याने ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी मला स्ट्रेचरवरून नेताना महेश बरोबर चालत होता. म्हणाला, "मला पटलेलं नाही. पण मी इथेच आहे." मला तेवढं पुरलं.

आज ऑपरेशनला एक वर्ष आठ महिने झाले. एकही फिट नाही. आवाजही नाही. दोन गोळ्या अजून चालू आहेत, त्यातली एक कमी करायचं चाललंय. महेश आणि मी त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. एकदाच मी विचारलं, "खरं सांग, ऐकलंस ना?" तो कार्ब्युरेटर साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "तू माझ्याशी बोलतेयस तेवढं स्पष्ट."

आता तुम्ही म्हणाल, मी झोपेत बडबडले असेन. म्हणाल, योगायोग असेल. असेल! मग नेमका त्या तिसऱ्या करंटला तो का उठला, आणि आवाज खिडकीकडून आला असं का म्हणाला, तेही सांगा. आणि जे मला शांती करून घ्या, नारायण नागबळी करा असे सल्ले देणार असतील, त्यांनी ते स्वतःपाशी ठेवावेत. मला भीती वाटत नाही आणि पश्चात्तापही नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. मॅडमना म्हटलं, "माझ्या फाइलमध्ये सगळं आहे. महेश उठला ते कुठेच नाही. ते लिहा."

त्या म्हणाल्या, "ते तुमच्याबद्दल नाहीये ना. पेशंट तुम्ही आहात."

"झालंय की नाही? मग लिहा. वैद्यकशास्त्राला जे कळलं नाही तेही फाइलमध्ये असायला हवं."

त्यांनी फाइल पुढे ओढली. मग इंग्रजीत दोन-तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मराठीत सांगायचं तर त्या ओळी अशा – 'तिसऱ्या करंटच्या वेळी पेशंटचे पती उठले व त्यांनी खोलीचे दार लावले. पेशंटने तोपर्यंत आवाजाचे शब्द कुणालाही सांगितले नव्हते. कारण समजलेले नाही.'

मलाही समजलेलं नाही.