हे दूध कुणाचं?

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. नजर लागणं, अंगात येणं यावर आयुष्यभर हसत आले... त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटतेय.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आठ महिने माझी पाळी आली नव्हती. प्रेग्नन्सी टेस्ट तीनदा निगेटिव्ह. सासूबाई रोज टोचायच्या, "अय्यो, सगळ्यांच्या सुनांना होतं, हिलाच काय झालंय?" त्यातच छातीतून दूध येऊ लागलं. पोटात मूल नाही – आणि दूध! घाबरून मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एका रविवारी सासूबाईंनी मला टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला नेलं. सकाळचे दहा, लख्ख ऊन. सासूबाई पाण्यात, मी पायरीवर. शेजारी कपडे धुणारी एक अनोळखी बाई उठून थेट माझ्यासमोर आली.

"यार हालु इदु?" ती कन्नडमध्ये ओरडली. "हे दूध कुणाचं? चोरटी!"

मी अंगावरचा पदर चाचपला. कोरडा होता.

तिनं माझी हनुवटी धरली आणि भुवयांच्या मध्ये अंगठा रुतवला. नखानं रक्त आलं. "इथं बसलंय, हरभऱ्याएवढं. वाढू दे. आंधळी हो!" आणि माझ्या पायावर थुंकली.

सासूबाई ओलेत्याच धावत आल्या. "एय, सोड तिला!" बाई शांतपणे परत कपडे आपटायला बसली.

परतताना बसमध्ये सासूबाईंनी हळूच विचारलं, "कसलं दूध गं?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, भयंकर वाढलेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत गाठ दिसली.

"केवढी?" मी विचारलं.

"हरभऱ्याएवढी समजा. फार वाढली तर डोळ्यांच्या नसेवर दाब येऊन दिसेनासं होतं. पण गोळीनं आटोक्यात येईल."

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

कॅबरगोलिनची गोळी, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला मळमळ, चक्कर... मग दूध थांबलं. चौथ्या महिन्यात पाळी आली, गाठही आक्रसली. गोळीनं काय केलं ते मला नीट समजतं.

आम्ही दोघी पुन्हा घाटावर गेलो. तिथल्या बायकांना वर्णन सांगितलं. अशी बाई कुणालाच माहीत नव्हती.

तिला ते कसं कळलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण त्याहून छळतं ते वेगळंच – आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या द्वेषानं पाहिलेलं नाही, आणि मी तिचं काय वाकडं केलं होतं?